ब्लॉकचेनमध्ये करिअर? आधी गणित आणि अर्थशास्त्र

बारावीचा निकाल लागला की ‘सहा महिन्यांत ब्लॉकचेन तज्ज्ञ व्हा’ अशा जाहिरातींचा मारा सुरू होतो. मुलांना त्यात मोठा पगार दिसतो, पालकांना सट्टा. दोघांचेही आकलन अर्धवट आहे, कारण दोघेही या क्षेत्राकडे नाण्याच्या भावातून पाहतात. त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आर्थिक आहे : एकमेकांना न ओळखणाऱ्या, आपापला फायदा पाहणाऱ्या हजारो लोकांकडून, वर देखरेख करणारे कोणी नसताना, एकच सामाईक हिशेब चोख कसा ठेवून घ्यायचा? या प्रश्नाचे उत्तर केवळ कोडिंगने मिळत नाही. म्हणून या क्षेत्रात टिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने ब्लॉकचेनच्या कोर्सआधी गणित, अर्थशास्त्र आणि संगणकशास्त्र यांचा पाया भक्कम करावा, असे माझे म्हणणे आहे.

जानेवारी 2009 मध्ये सुरू झालेल्या बिटकॉइनचे उदाहरण घेऊ. साधारण दर 10 मिनिटांनी व्यवहारांचा एक नवा गठ्ठा नोंदला जातो आणि तो नोंदवण्यासाठी संगणकावर गणिती कोडे सोडवणाऱ्या ‘माईनर’ला मोबदला मिळतो. दर 2,016 गठ्ठ्यांनंतर, म्हणजे सुमारे दोन आठवड्यांनी, जाळ्यात किती गणनशक्ती आहे त्यानुसार कोड्याची काठिण्यपातळी आपोआप बदलते. 2021 मध्ये चीनने माईनिंगवर बंदी घातली तेव्हा काही आठवड्यांत जगातली जवळजवळ निम्मी गणनशक्ती बंद पडली आणि नोंदणी मंदावली. जुलैच्या सुरुवातीला काठिण्यपातळी सुमारे 28 टक्क्यांनी उतरली. उरलेल्यांना माईनिंग अधिक फायद्याचे झाले, अमेरिका आणि कझाकस्तानसारख्या देशांत यंत्रे सुरू झाली आणि वर्षअखेरीस गणनशक्ती पूर्वपदावर आली. कोणी बैठक घेतली नाही, आदेश काढला नाही. सुट्या सुट्या माणसांच्या स्वार्थी निर्णयांतून सगळ्या जाळ्याचे वागणे घडते, अशा रचनेला शास्त्रज्ञ गुंतागुंतीची व्यवस्था म्हणतात.

हेच चक्र उलटे फिरले तर काय होते, ते मे 2022 मध्ये ‘टेरा’ या ब्लॉकचेनने दाखवले. तिच्यावरील यूएसटी या नाण्याची किंमत कायम एक डॉलर राहावी म्हणून एक नियम होता : एक यूएसटी द्या आणि एक डॉलर किमतीचे नवे ‘लुना’ हे टेराचे दुसरे नाणे घ्या. ठेवींवर सुमारे 20 टक्के व्याजाचे आमिष असल्याने पैसा भरभरून आला होता. विश्वास डळमळताच लोक यूएसटी देऊन लुना घेऊ लागले आणि तो लगेच विकू लागले. लुनाचा भाव पडला. भाव पडला म्हणून तेवढ्याच डॉलरसाठी आणखी लुना छापावा लागला. त्याने भाव आणखी पडला. सुमारे 35 कोटी असलेले लुना काही दिवसांत साडेसहा लाख कोटींवर गेले आणि त्यांची किंमत मातीमोल झाली. यात कोड कुठेच चुकला नव्हता. लिहिला होता तसाच तो चालला. चूक नियमांच्या अर्थशास्त्रात होती, आणि ती ओळखायला संभाव्यताशास्त्र, गेम थिअरी (इतर काय करतील हे धरून माणसे निर्णय कसे घेतात, याचे गणित) आणि जुन्या बँकबुडीचा इतिहास ठाऊक असावा लागतो.

चांगली रचनाही अशाच अभ्यासातून येते. इथेरियम या ब्लॉकचेनने ऑगस्ट 2021 मध्ये व्यवहारशुल्काची पद्धत बदलली. गठ्ठा निम्म्याहून अधिक भरला की मूळ शुल्क वाढते, कमी भरला की घटते आणि एका गठ्ठ्यात हा बदल जास्तीत जास्त साडेबारा टक्के असतो. बदल अमलात येण्याआधी टिम रफगार्डन या गेम थिअरीच्या प्राध्यापकांनी त्याची सविस्तर चिकित्सा केली होती. असे काम करणारा माणूस सहा महिन्यांच्या कोर्समधून तयार होत नाही.

‘पण हा फुगा फुटला तर?’ ही पालकांची शंका रास्त आहे. पायाभूत विषय निवडण्याचे खरे कारणच ते. मार्च 2023 मध्ये सिलिकॉन व्हॅली बँकेतून ठेवीदारांनी एका दिवसात 42 अब्ज डॉलर काढायचा प्रयत्न केला; त्या घबराटीचे गणित टेराच्या गणिताशी मिळतेजुळते आहे. लिलावाच्या सिद्धान्तासाठी 2020 चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले आणि तो सिद्धान्त स्पेक्ट्रमपासून अनेक बाजारांत वापरला जातो. नाणी राहोत वा जावोत, हे ज्ञान रिझर्व्ह बँक, सेबी, शेअर बाजार आणि एनपीसीआय अशा, मुंबईतच मुख्यालये असलेल्या संस्थांनाही लागते. रिझर्व्ह बँकेने स्वतः डिसेंबर 2022 मध्ये सामान्यांसाठी डिजिटल रुपयाचा प्रयोग सुरू केला. दुसरी शंका कायद्याची. अशा नाण्यांच्या व्यवहारांबाबतचे 2018 चे रिझर्व्ह बँकेचे निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2020 मध्ये रद्द केले आणि 2022 पासून त्यांतल्या नफ्यावर 30 टक्के कर लागला. कर लागला म्हणजे सरकारने या व्यवहारांवर पसंतीची मोहोर उमटवली असे नव्हे. मुलाने नाण्यांत पैसे घालावेत, असे हा लेख मुळीच सुचवत नाही. अभ्यास आणि गुंतवणूक या वेगळ्या गोष्टी आहेत. ‘कोडिंगवाल्याला लगेच नोकरी मिळते’ हेही काही अंशी खरे आहे. मात्र ठराविक कोड लिहिण्याचे काम दिवसेंदिवस यंत्रे करू लागली आहेत. नियम मोडण्यात कोणाचा फायदा आहे, हे आधी ओळखणाऱ्याची गरज टिकेल.

तेव्हा पहिला निर्णय अकरावीचा. कॉमर्सला जाणारी अनेक मुले गणित टाकून एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) घेतात. या वाटेने जायचे असेल तर गणित सोडू नये. पुढे आयआयटी मुंबईची अर्थशास्त्राची पदवी (विज्ञान शाखेतून), पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था, चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट किंवा भारतीय सांख्यिकी संस्था असे पर्याय आहेत. पदव्युत्तर शिक्षणासाठी गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे. या नामवंत संस्थांत प्रवेश मिळाला नाही तरी साध्या महाविद्यालयात गणित, संख्याशास्त्र किंवा अर्थशास्त्राची पदवी घेत, पायथॉन शिकून आणि एनपीटीईएल या ऑनलाइन मंचावर गेम थिअरीचे मोफत अभ्यासक्रम करून हीच तयारी होते. खासगी कोर्सची फी भरण्यापूर्वी पालकांनी अभ्यासक्रमाची प्रत मागावी. त्यात संभाव्यता आणि गेम थिअरी नसेल, फक्त साधनांची नावे असतील, तर ते पैसे पदवीच्या पुस्तकांवर खर्च करावेत.