युद्धनौकेवरील आठवण : बोलीतील निवेदनाचे लेखन



मौखिक निवेदन उतरवून घेताना बोलीतील क्रियारूपे प्रमाण भाषेत का बदलू नयेत, हे या उपघटकात पाहावयाचे आहे. उदाहरण सागरी युद्धाचे घेतले आहे. वर्धा जिल्ह्याला समुद्र नाही. तथापि नौदलातील नोकरी संपवून गावी परतलेले काका किंवा आजोबा आपल्या नात्यात असू शकतात.

९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळच्या समुद्रात 'हंगोर' या पाकिस्तानी पाणबुडीने 'खुकरी' ही भारतीय युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी व १७६ नौसैनिक मृत्युमुखी पडले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला नौका न सोडता तिच्यासह बुडाले; त्यांना मरणोत्तर महावीरचक्र देण्यात आले. एवढे इतिहासग्रंथात मिळते.

आता समजा, त्या वेळी सोबतच्या 'कृपाण' नौकेवर असलेले आर्वीकडील एक आजोबा नातीला सांगत आहेत : "जहाज बुडून राह्यलं, आमी पाहून राह्यलो." प्रमाण मराठीची सवय असलेला वाचक याचा अर्थ 'बुडाले व तसेच राहिले' असा घेईल. वऱ्हाडी-नागपुरी बोलीत मात्र ही रचना चालू क्रिया दाखवते; 'काय करून राह्यला?' म्हणजे 'काय करतो आहेस?' आजोबांच्या वाक्यात जहाज अजून बुडालेले नाही, ते बुडते आहे. नातीने वहीत 'जहाज बुडाले' असे लिहिले, तर पन्नास वर्षे न संपलेली क्रिया ती एका शब्दात संपवून टाकते. (शुद्धलेखनाचा आपला उत्साह अशा ठिकाणी आवरलेला बरा.)

'आमी'कडेही लक्ष द्यावे. 'आपण'मध्ये ऐकणारा सामावतो, 'आम्ही'मध्ये नाही. नात त्या 'आमी'त नाही. डेकवर शेजारी उभे असलेले सोबती आहेत.

मुल्लांनी आपले जीवरक्षक जाकीट दुसऱ्याला दिले, असे सांगितले जाते. 'जाकीट दिलं' आणि 'जाकीट दिलं म्हणे' यांत पाहणारा व ऐकणारा एवढे अंतर आहे. 'म्हणे' गाळल्यास ऐकीव गोष्टीची साक्ष होते.

स्वाध्याय : नात्यातील किंवा गावातील एखाद्या निवृत्त सैनिकाचे दहा मिनिटांचे निवेदन त्यांच्या संमतीने ध्वनिमुद्रित करा. डाव्या रकान्यात ते जसेच्या तसे उतरवा. 'डोळा'चा 'डोया' झाला असल्यास तसाच ठेवा. प्रमाण रूप उजवीकडे लिहा. सांगणारे मध्येच थांबले, तर पुढचा प्रश्न लगेच विचारू नका; थांबणेही डाव्या रकान्यात नोंदवा.