खाड्यांचा हिशोब

"ताई, दिवसभर सगळ्यांचं करते गं, पण माझं कोण करतं?" असं तू परवा फोनवर म्हणालीस आणि लगेच "जाऊ दे" म्हणून विषय बदललास. मला काही ते जाऊ देता आलं नाही. म्हणून आज निवांत बोलते. चहा घेऊन बस, आणि कुकरकडे एक कान ठेवून ऐकू नकोस.

'आहे त्यात सुख मान' हे सांगायला मी आलेली नाही, हे आधीच सांगून टाकते. ते सांगायला आत्या-मावश्या पुरेशा आहेत, शिवाय रोज सकाळी फुलांच्या चित्रासकट तेच मोबाइलवर येऊन पडतं. तू दमतेस ते खरंच दमतेस. केंद्र सरकारने २०२४ साली देशभर पाहणी केली, कोणाचा वेळ कशात जातो याची. घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाची सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची जातात ८८. म्हणजे तुझे पावणेपाच तासांच्या वर आणि नवऱ्याचा दीड तासही नाही. तेव्हा तुझी कंबर दुखते ती काही उगाच नाही.

पण "माझं कोण करतं" याचं उत्तर तू मनातल्या मनात "कोणीच नाही" असं देऊन मोकळी झाली होतीस. तिथे मी तुला थांबवते.

तुझ्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयकडे एकदा नीट बघ. दूध आलं नाही त्या तारखेवर फुली. मावशी भांड्यांना आल्या नाहीत तिथे 'खाडा'. पेपर आला नाही तिथे बारीक गोल. ज्या दिवशी दूध वेळेवर आलं, मावशी आल्या, पेपर दाराच्या कडीला खोचलेला होता, ते चौकोन कोरे. आता महिनाअखेरी पैसे द्यायला हीच पद्धत बरोबर आहे, वजा करायचे ते खाडेच. गोची अशी की घरातल्या माणसांचाही हिशोब आपण असाच ठेवतो. नवरा भाजी विसरला तो मंगळवार लक्षात राहतो. न विसरता आणली ते बाकीचे सगळे वार कोरे. सासूबाई टोचून बोलल्या ती संध्याकाळ वर्षभर पुरते, आणि तुला ताप होता तेव्हा त्यांनी न सांगता मऊ भात टाकला होता, ती संध्याकाळ कुठे गेली कोण जाणे.

ह्यात तुझा स्वभाव वाईट आहे असं नाही गं. जे बिघडतं ते ओरडून सांगतं. दूध उतू गेलं की अख्खं घर धावतं. जे बिघडत नाही ते गप्प असतं, आणि घरातली बरीचशी माया ह्या न बिघडलेल्या गोष्टींत असते. बहुतेक वेळा ती आदल्या रात्री करून ठेवलेली असते, आपल्याला दिसते ती फक्त सकाळ.

मागे थंडीत मी तुझ्याकडे राहायला आले होते, तेव्हा पाहिलेलं सांगते. रात्री जेवणं झाली, तू पिल्लाला झोपवायला आत गेलीस. तुझ्या सासूबाईंनी ताटात मटकी पसरली, चष्मा नाकावर पुढे ओढला आणि एकेक खडा नि गणंग निवडत बसल्या. मग मटकी भिजत घातली. सकाळी उपसून चाळणीत निथळत ठेवली. पाणी पुरतं गळल्यावर जुन्या मऊ पंच्यात घट्ट पुरचुंडी बांधली, पुरचुंडी पातेल्यात, पातेल्यावर झाकण, आणि ते पातेलं कपाटात पिठाच्या डब्यामागे, कारण थंडीत मोडांना ऊब लागते. झोपण्याआधी परत जाऊन पुरचुंडीवर पाण्याचा हबका मारून आल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे तू पुरचुंडी सोडलीस, फोडणी दिलीस, तीन डबे भरलेस. त्या दिवशीचा डबा कोणी केला असं विचारलं तर तू म्हणशील, मी. खोटं नाही ते. पण ती उसळ सुरू झाली तेव्हा तू आत अंगाई म्हणत होतीस.

आणि त्यांना विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, उसळ मीच केली. हेही खोटं नाही!

ह्या गमतीवर १९७९ साली कॅनडातल्या मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या दोघांनी अभ्यास केला होता. नवरा-बायकोला वेगवेगळं विचारायचं, घरातल्या अमुक कामात तुमचा वाटा किती? बहुतेक जोड्यांत दोघांच्या वाट्यांची बेरीज पूर्ण कामापेक्षा जास्त भरली. तू म्हणशील, नवऱ्यांनी बढाया मारल्या असतील. तर तसंही नाही, कारण भांडण काढण्यासारख्या वाईट गोष्टींतही लोकांनी स्वतःचाच वाटा जास्त धरला. कारण साधं आहे. स्वतः केलेलं काम आपल्याला आतून माहीत असतं, कंबरेसकट. दुसऱ्याचं काम आपण झोपलेले असताना किंवा ऑफिसात असताना होऊन जातं, ते आठवणार कुठून?

म्हणून माझा सल्ला एवढाच: आज काय बिघडलं नाही ते बघ, आणि त्याच्या मागे कोण आहे ते शोध. सकाळी नळाला पाणी असतं तेवढ्यात पिंप भरलेलं होतं, ते कोणी भरलं? लेकाच्या शाळेच्या बुटांचं पॉलिश कोणी केलं? सासरे रोज पेपर वाचून झाल्यावर पुरवणीतलं कोडं तुझ्यासाठी न सोडवता बाजूला ठेवतात, हे तूच मला हसत हसत सांगितलं होतंस. पन्नाशी-साठीच्या वरच्या माणसांना "तू आवडतेस" असं म्हणता येत नाही गं. ते कोडं न सोडवता ठेवतात.

आता पुढचं. दिसलं की बोल. आपल्या घरांतून इथेच गाडी अडते. मनात असतं, तोंडातून निघत नाही, कारण घरच्यांचे आभार मानायचे म्हणजे आपल्याला समारंभाच्या शेवटी माइकसमोर उभं राहिल्यासारखं वाटतं. तर आभार मानूच नकोस. त्यांनी काय केलं ते नुसतं नेमकं सांग. "उसळ छान झाली" यात सासूबाईंना काही मिळत नाही. "आई, मटकीला एवढे लांब मोड थंडीत कसे आणता? मला दाखवा ना" असं म्हणून बघ. त्यात त्यांची निवड, त्यांची पुरचुंडी, त्यांचा रात्रीचा पाण्याचा हबका, सगळं आलं. अमेरिकेतल्या सारा अल्गो यांच्या २०१६ सालच्या अभ्यासातही हेच निघालं. जोडीदाराशी बोलताना "मला किती बरं झालं" एवढ्यावर न थांबता "तू किती जपून केलंस" असं समोरच्याच्या करण्याचं कौतुक झालं, की ऐकणाऱ्याला जास्त जवळचं वाटतं. आपल्याला मोड दिसले हे सासूबाईंना कळलं पाहिजे, मग तुझा आनंद त्यांना आपसूक कळतो.

नेमकं कुठे बोट ठेवायचं, हे आपण आजोळी पाहिलंय. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळची खांदेमळणी आठवते? शिंगांना रंग, गळ्यात घुंगुरमाळा, अंगावर झूल, मिरवणूक हे सगळं दुसऱ्या दिवशी. पण आदल्या दिवशी आजोबा आधी बैलांचे खांदे गरम पाण्याने शेकायचे, मग हळद आणि तूप घेऊन जिथे जू घासून कातडी जाड झालेली असते तिथेच हळूहळू चोळायचे. आपल्याला पोरींना कंटाळा यायचा, आपलं लक्ष झुलीकडे. आज कळतं की खरा पोळा तोच होता. वर्षभराच्या कामाने जिथे घट्टा पडला, हात तिथे गेला पाहिजे. माणसाचंही बघ. तुझ्या नवऱ्याचा घट्टा म्हणजे रोजचा लोकलचा प्रवास. त्याला वाढदिवसाला शर्ट दिलास तर तो खूश होईलच, पण "आज उभ्याने आलास का रे?" एवढं विचारलंस तर ते तूप बरोबर जागी लागेल. आणि तुझा घट्टा कुठे आहे हे त्यालाही कळायला हवं. ते त्याला आपोआप कळेल या भरवशावर राहू नकोस, सांग.

आता तुझ्या ओठांवर आलेला प्रश्न मीच विचारते. त्याने एकदा भांडी घासली तर मी आरती ओवाळायची, आणि मी रोज घासते तेव्हा कोण ओवाळतं? बरोबर आहे तुझं. आर्ली हॉक्शिल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८९ साली अमेरिकेतल्या नोकरदार जोडप्यांवर 'द सेकंड शिफ्ट' हे पुस्तक लिहिलं, त्यात त्यांनी ह्याच दुखण्यावर बोट ठेवलंय. घरात कोणी कोणाच्या कशाबद्दल आभारी असायचं, याचाही एक व्यवहार चालू असतो, आणि तो बायकांना अनेकदा महाग पडतो. तेव्हा कौतुक आणि कामाची वाटणी ह्या दोन गोष्टी वेगळ्या ठेव. पिंप भरल्याबद्दल मनापासून बोल, आणि त्याच दिवशी, त्याच आवाजात "शनिवार-रविवारची भांडी तुझी" हेही बोल. कृतज्ञ माणसाने गप्प बसायचं असतं असं कुठे लिहिलंय? उलट जे करतोय ते दिसतंय म्हटल्यावर जे करत नाही ते सांगितलेलं माणूस जरा शांतपणे ऐकून घेतो. आणि जिथे रोजचा अपमान आहे, हात उचलला जातो, तिथे ह्यातलं काहीच लागू नाही. तिथे कौतुक शोधत बसायचं नाही, १८१ ला फोन करायचा. तुझ्याकडे तसं नाही हे मला ठाऊक आहे, पण तुझ्या कोणा मैत्रिणीकडे असेल तर तिला हा माझा सल्ला सांगू नकोस, तो नंबर दे.

मावशींचं राहिलंच. त्या आल्या नाहीत की तुझा दिवस कोलमडतो, म्हणजे त्या आल्यामुळेच बाकीचे दिवस उभे आहेत. त्यांच्या बाबतीत नुसतं गोड बोलून भागत नाही. तिथे कृतज्ञता पैशांत आणि सुट्टीत मोजायची. महिन्यातल्या ठरलेल्या सुट्ट्या भरपगारी दे, त्यांना खाडा म्हणू नकोस. चहा देतेस तो त्यांना बसून पिऊ दे, ओट्यापाशी उभ्याने नाही.

आणि हे सगळं रोज कर असं माझं म्हणणं नाही. नाहीतर तू लगेच वही आणशील, त्यावर छान कव्हर घालशील आणि आठ दिवसांत ती वही रद्दीत जाईल, मी ओळखते तुला. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो यांचा २००३ सालचा गाजलेला अभ्यास आहे. त्यातल्या एका प्रयोगात लोकांना आठवड्यातून एकदाच आपल्या वाट्याला आलेल्या चांगल्या गोष्टी लिहायला सांगितल्या होत्या, आणि तेवढ्यानेही त्यांना आयुष्य बरं वाटायला लागलं. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या सहा आठवड्यांच्या प्रयोगात तर आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना नाही. रोजचा रतीब घातला की त्याचंही कामच होतं, आणि कामं तुला आधीच कमी नाहीत. म्हणून रविवारी, मावशींचा हिशोब लिहायला पेन हातात घेशील तेव्हाच, त्या आठवड्यातल्या एका कोऱ्या चौकोनात एक ओळ लिही. 'आईंनी मटकी.' 'पिंप भरलेलं.' 'लेकाने पापडाचा मोठा तुकडा दिला.' एवढंच. त्या कालनिर्णयवर घरातल्या सगळ्यांची नजर जाते. तुझी ओळ कोणीतरी वाचेल, काही बोलणार नाही, आणि पुढच्या आठवड्यात शेजारच्या चौकोनात दुसऱ्या अक्षरात काहीतरी लिहिलेलं सापडलं तर दचकू नकोस.

शेवटचं, आणि हे तुला सगळ्यात जड जाणार आहे. कोणी तुझं कौतुक केलं की तू "त्यात काय एवढं" म्हणून उडवून लावतेस. आपली आईही तेच करायची, तिच्याकडूनच आलंय ते आपल्याला. पण अशाने समोरच्याने धीर करून पुढे केलेला हात तसाच मागे जातो, आणि मग तूच म्हणतेस की माझं कोणी काही बघत नाही. पुढच्या वेळी लेक म्हणाला, "आई, आज डबा मस्त होता, सगळ्यांनी संपवला," तर "हात धुतलेस का" हे दोन मिनिटांनी विचार. आधी त्याच्याकडे बघून "कोणी कोणी खाल्ला रे?" असं विचार आणि त्याचं सगळं ऐकून घे. तो पाच-सहा नावं सांगेल, त्यातली दोन तुला माहीत नसतील. असंच शिकतात पोरं, बघायला आणि बोलायला.

तक्रारी मात्र बंद करू नकोस हं. त्या मला सांगायच्याच, मी मोठी बहीण आहे ती कशाला! फक्त रविवारी फोन करशील तेव्हा खाडे सांगून झाले की एक कोरा चौकोनही सांग. आणि सासूबाईंकडून मोडांची युक्ती नीट विचारून घे, थंडी तोंडावर आलीय आणि माझी मटकी अजून हट्ट सोडत नाही.