खर्जाची निवड : मंडळीसाठी बेस गिटार घेताना

शास्त्रवाचन : १ इतिहास १५:१६-२१, १ करिंथ १४:७-८



भिलाईतील आमच्या मराठी मंडळीच्या तरुण संघाने वर्षभर पैसे साठवून उपासनेसाठी बेस गिटार घेण्याचे ठरविले. रायपूरच्या एका दुकानात दोन वाद्ये त्यांच्या मनात भरली. दोहोंच्या किमतीत हजार रुपयांचाही फरक नव्हता, आणि नेमके तेथेच घोडे अडले. एक महाग व दुसरी स्वस्त असती, तर पैशाने निर्णय दिला असता. किंमत सारखी म्हटल्यावर संघात दोन तट पडले, दोन आठवडे कोणी कोणाचे ऐकेना, आणि प्रकरण अखेर माझ्याकडे आले. मी गवई नव्हे. तरुणपणी उपासनेत पेटीची साथ केली, एवढीच माझी पुंजी. परंतु पाळकसाहेबांचे म्हणणे असे पडले की, जो मनुष्य जवळजवळ सारख्या वजनाच्या दोन शब्दांतून एक निवडण्यात आयुष्य घालवितो, त्याला दोन गिटारींतून एक निवडता यावी. युक्तिवाद कच्चा होता. पण त्या निमित्ताने जे शिकलो, ते अनेक मंडळ्यांना उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे मांडीत आहे.

आमच्या गावाची थोडी ओळख आवश्यक आहे. १९५५ सालच्या सोव्हिएत करारातून येथे पोलाद कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याच्या नोकरीसाठी विदर्भातून जी कुटुंबे आली, त्यांतील ख्रिस्ती कुटुंबांनी आपल्याबरोबर 'उपासना संगीत', पेटी आणि तबला-डग्गा आणला. आजूबाजूच्या हिंदी उपासनांत गिटार व ड्रम कधीचेच रुळले आहेत. आमच्या तरुणांना तसे काही हवे होते. वडीलधाऱ्यांना पेटी-तबला सोडायचा नव्हता. बेस गिटार ही या दोहोंमधील तडजोड होती, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे.

आता शास्त्रभागाकडे वळू. कराराचा कोश आणण्याच्या वेळी दाविदाने लेव्यांपैकी गायक-वादक नेमविले. त्यांत काहींची तंतुवाद्ये 'अलामोथ' प्रकारे आणि काहींच्या वीणा 'शमीनीथ' प्रकारे होत्या, असे तेथे म्हटले आहे. सहाव्या व बाराव्या स्तोत्राच्या शीर्षकांतही शमीनीथ येतो. या शब्दाचा संबंध 'आठवा' या संख्येशी आहे, यात वाद नाही. वाद आहे तो, आठवे काय, याविषयी. कोणी आठ तारांचे वाद्य म्हणतात. कोणी आठवा, म्हणजे एक सप्तक खालचा, पुरुषी खर्जाचा सूर म्हणतात. अलामोथ हा शब्द 'तरुण स्त्रिया' या अर्थाच्या शब्दाशी जुळत असल्यामुळे, एक वाद्य उंच आवाजाचे व दुसरे खोल आवाजाचे, ही जोडी मनाला पटते. मात्र प्राचीन इब्री लोक स्वर कसे मोजीत, हे आपणांस ठाऊक नाही. पाश्चात्त्य लोक वरचा षड्ज धरून आठ मोजतात, आपण तो सोडून सात मोजतो व त्याला सप्तक म्हणतो. एकाच जिन्याच्या पायऱ्या दोन समाज वेगळ्या मोजतात, मग तिसऱ्याची मोजणी गृहीत कशी धरावी? म्हणून मी स्वतः 'शमीनीथ' हा शब्द मुळातल्यासारखाच ठेवण्याच्या बाजूचा आहे. पण 'एक सप्तक खालची तार' हा अर्थ खरा असो वा नसो, बेस गिटारचे त्याहून नेमके वर्णन मला सुचत नाही.

बेस गिटारच्या चार तारा साध्या गिटारच्या जाड चार तारांच्या बरोबर एक सप्तक खाली लावलेल्या असतात. सर्वांत जाड तार सुटी छेडली असता सेकंदाला सुमारे ४१ कंपने होतात. पेटीच्या भाषेत हा अतिमंद्रातील पांढरी तीन. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेचे काम आपल्या कानाला परिचित आहेच. तारेखाली पिकअप असतो, म्हणजे चुंबक व त्यावर गुंडाळलेली तांब्याची बारीक तार. वरची पोलादी तार हलली की त्या वेटोळ्यात सूक्ष्म विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो आणि अॅम्प्लिफायर तो मोठा करून ऐकवितो.

अशा वाद्याचा प्रयत्न अमेरिकेतील सिएटल येथे पॉल टटमार्क यांनी १९३० च्या दशकात केला होता. पण ते सर्वत्र पोहोचविले कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी. गंमत अशी की, रेडिओ दुरुस्त करणाऱ्या या गृहस्थांना गिटार वाजविता येत नसे. उभ्या बेसला पडदे नसल्यामुळे सूर कानाने शोधावा लागे. १९५१ मध्ये त्यांनी पडद्यांची बेस काढली, आणि सूर नेमका पडतो म्हणून तिचे नाव 'प्रिसिजन'. १९६० मध्ये 'जॅझ' हा दुसरा प्रकार आला. आज बाजारात दिसणाऱ्या बहुतेक साध्या बेस या दोहोंपैकी एकीच्या, किंवा दोहोंच्या मिश्रणाच्या असतात. आमच्यापुढची जोडीही हीच होती.

प्रिसिजनला मध्यभागी एकच, दोन तुकड्यांत विभागलेला पिकअप असतो. ही विभागणी १९५७ पासूनची. तिचा आवाज भरीव व मध्यात गोळा झालेला. बटणे दोन. जॅझला दोन पिकअप, एक दांडीकडे व एक घोडीकडे, आणि बटणे तीन. दोन्ही पिकअप पूर्ण उघडले तर आवाज गोड व खोल येतो, पण त्याचा मधला भाग थोडा पोकळ होतो. केवळ घोडीकडचा उघडला तर आवाज कोरडा व रेखीव होतो. मूळ रचनेत जॅझची दांडी खुंट्यांच्या बाजूला सुमारे ३८ मिलिमीटर रुंद असते व प्रिसिजनची त्याहून अधिक. हल्लीच्या स्वस्त प्रतींत हा भेद नेहमी पाळलेला नसतो, म्हणून दुकानात जाताना फूटपट्टी न्यावी. दुकानदार हसेल, हसू द्यावे. बॅटरीवर चालणारी तिसरी गिटारही आम्हांला दाखविली गेली. तिच्यात आवाज फिरविण्याची सोय अधिक, पण तार जोडून ठेवली की बॅटरी संपते, आणि ती नेमकी रविवारी सकाळी संपते. आमच्यासारख्या विसराळू मंडळीने त्या वाटेला जाऊ नये.

पौलाने करिंथकरांस लिहिताना पावा व वीणा यांचा दृष्टांत घेतला आहे. स्वरांत भेद नसेल तर काय वाजते आहे हे कोणाला कसे कळावे, असा त्याचा आशय. 'भेद' यासाठी मुळात 'डायास्टोले' हा ग्रीक शब्द आहे. तो नव्या करारात तीनच वेळा येतो. रोमकरांस पत्रात दोनदा (३:२२, १०:१२) तो माणसामाणसांत भेद नाही हे सांगण्यासाठी येतो, आणि येथे, स्वरांत भेद असलाच पाहिजे हे सांगण्यासाठी. भाषांतर करताना या योगायोगापाशी मी पुष्कळ वेळ थांबलो आहे. गिटार निवडतानाही मला हीच कसोटी योग्य वाटली. दुकानात एकटी कशी वाजते हे गौण. आपल्या वाद्यांत मिसळल्यावर तिचा स्वर वेगळा ओळखू येतो का, हे मुख्य.

आणि आपल्या उपासनेत मोठी अडचण आहे ती डग्ग्याची. इंग्रजी पुस्तकांत बेसची सांगड ड्रमशी घातलेली असते. आपल्याकडे खालच्या सप्तकात डग्गा आधीच बसलेला आहे, आणि त्याचा स्वर मनगटाच्या दाबाने सरकतो. समेवर डग्ग्याचा घुमारा आणि बेसची तार एकदम पडली की दोन्हींचा चिखल होतो. त्याहून वाईट गोष्ट खालीची. केरव्याच्या आठ मात्रांत मागल्या चार, दादऱ्याच्या सहांत मागल्या तीन, येथे डग्गा आपला घुमारा आवरतो. त्या रित्या जागेमुळेच ठेक्याला झोका येतो. बेसवाला तेथे धपाधप वाजवीत राहिला तर खाली भरून जाते आणि गाणे चालण्याऐवजी फरपटते. तसेच रागदारीच्या चालींना पाश्चात्त्य पद्धतीने स्वरसमूह बदलीत बसू नये. षड्ज व पंचम पुरेसे आहेत. चाल मालकंसाची असेल तर पंचमही नको, कारण तेथे तो वर्ज्य, मध्यम घ्यावा.

म्हणून दुकानात जाताना आम्ही डग्गा बरोबर नेला. पेटी मात्र दुकानातलीच घेतली. जॅझ एकटी वाजली तेव्हा सगळे खूष झाले. पेटी व डग्गा सुरू होताच ती कोठे तरी बुडाली. घोडीकडचा पिकअप वाढविल्यावर वर आली, पण तिच्याबरोबर 'घूं' असा आवाजही आला. प्रिसिजन एकटी वाजताना साधी वाटली होती. सर्वांत मिसळल्यावर तिचा प्रत्येक स्वर ऐकू येत होता. माझ्या कानाने तेथेच निर्णय दिला.

त्या 'घूं' विषयी दोन शब्द. आपल्या घरातील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असते, आणि एकेरी वेटोळ्याचा पिकअप ती हवेतून उचलतो. बहिणी ज्या काळी चारमध्ये गातात, तिचा खालचा षड्ज बेसवर सुमारे ५२ कंपनांचा येतो. म्हणजे गुणगुण आणि षड्ज शेजारी बसून एकमेकांशी भांडतात. प्रिसिजनचे दोन तुकडे उलटसुलट गुंडाळलेले असल्याने ही गुणगुण परस्पर मिटते. जॅझमध्ये दोन्ही पिकअप सारखे उघडे असतील तरच ती मिटते.

परंतु गुणगुण फारच मोठी असेल तर दोष गिटारचा नसून भिंतीचा असू शकतो, आणि ही गोष्ट हसण्यावारी नेण्याची नाही. गिटारच्या तारा घोडीतून अॅम्प्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. आमच्या सभागृहात तीन पिनांच्या प्लगची जाड पीन कोणीतरी काढून टाकली होती, कारण जुन्या बोर्डात ती शिरत नव्हती. अशा जोडणीत बिघाड झाला, वाजविणाऱ्याचा हात तारेवर आणि ओठ मायक्रोफोनला असले, तर विजेची वाट त्याच्या देहातून जाते. वाचकहो, नवे वाद्य घेण्यापूर्वी आपल्या मंदिराचे अर्थिंग परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्या. आम्ही गिटारआधी ते काम केले आणि तेवढ्यानेच निम्मी गुणगुण गेली.

पैशाविषयीही एक जुनी चूक सांगतो. मी पूर्वी ज्या मंडळीत होतो, तेथे सर्व रक्कम वाद्यावर खर्च करून बेस भाषणाच्या लहान स्पीकरला जोडली होती. दुसऱ्या महिन्यात स्पीकरचा कागद फाटला, आणि गिटार कपाटात गेली ती गेलीच. खर्जाला मोठा स्पीकर लागतो. बेससाठीच बनविलेल्या अॅम्प्लिफायरचे पैसे आधी बाजूला काढावे व उरलेल्यात गिटार पाहावी. उलट करू नये.

दोहोंपैकी कोणतीही घ्या, विशिष्ट नग मात्र पारखून घ्या. दांडी एका डोळ्याने खुंट्यांकडून पाहावी. प्रत्येक पडद्यावर तार दाबून खरखर ऐकावी. बाराव्या पडद्यावर तार दाबून येणारा स्वर आणि तेथेच नुसता स्पर्श करून येणारा स्वर एकच आहे का, ते जुळवून पाहावे. रेल्वेचे रूळ बनविणाऱ्या आमच्या गावाला उष्णतेने पोलाद लांबते हे सांगायला नको. मे महिन्यात तारा उतरतात, आणि पावसाळ्यात लाकूड फुगून दांडीचा बाक बदलतो. दांडीतील लोखंडी सळई थोडी फिरविली की बाक सुधारतो. ती सळई फिरते ना, हे दुकानातच विचारावे.

आता निर्णय. वाजविणार होती आमच्या संघातली एक मुलगी, महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाची. वाद दोन तटांत चालला असताना तिला कोणीच विचारले नव्हते, मीही नाही. डग्ग्याची परीक्षा संपवून मी प्रिसिजनच्या बाजूने बोलू लागलो, तेव्हा ती हळूच म्हणाली, "दादा, ही दहा मिनिटांत हात दुखवते." तिची बोटे आखूड आहेत. तिने दोन्ही गिटार पुन्हा गळ्यात अडकविल्या, बसून व उभ्याने वाजविल्या. जॅझच्या अरुंद दांडीवर तिचे चौथे बोट जेथे सहज पोहोचत होते, तेथे प्रिसिजनवर मनगट वळवावे लागत होते. मला कपाटातली ती जुनी गिटार आठवली, आणि माझा कान मागे घेतला. जॅझ घेतली.

तिचा पोकळपणा व गुणगुण यांच्याशी आता आमचा रोजचा व्यवहार आहे. दोन्ही पिकअप पूर्ण उघडे ठेवायचे, स्वर फिरविण्याचे बटण अर्ध्याखाली, आणि मधला भाग अॅम्प्लिफायरवर वाढवायचा, अशी सोय बसली आहे. प्रिसिजन अधिक स्पष्ट ऐकू आली असती, असे मला अजूनही वाटते, व तसे मी तिला सांगितलेही आहे.

एक अडचण राहिली होती. आमची पेटी जुनी, तिचे सूर आजच्या प्रमाणाहून किंचित चढलेले. मुलगी मोबाइलवरील यंत्राने तारा लावी, यंत्र बरोबर म्हणे, आणि उपासना सुरू होताच सगळे बेसूर. पेटीचे सूर बदलणे सोपे नाही. तारा मात्र खुंटी पिळली की चढतात. आता ती मोबाइल बंद करून आधी पेटीची पांढरी तीन धरावयास सांगते, मग पांढरी सहा, मग दोन, मग पाच. काळी एकचा षड्ज दुसऱ्या जाड तारेच्या चौथ्या पडद्यावर येतो. तेथे दांडीच्या कडेला तिने पांढऱ्या चिकटपट्टीचा लहानसा तुकडा लावून ठेवला आहे.