खंबायतची मशीद : एक जमाखर्च

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मशिदीवर का लिहावे, असे काही मित्र म्हणतील. माझाही तसा विचार नव्हता. सुट्टीत बडोद्याला मामांकडे गेलो होतो. मामा म्हणाले, "कॉमर्सला आहेस ना? मग खंबायत पाहून ये. एके काळी गुजरातचा माल तिथून जहाजात चढायचा." दुसऱ्याच दिवशी एस.टी.ने निघालो.

खंबायतची जामा मशीद १३२५ साली, तुघलक काळात बांधली गेली. समुद्रकाठची मशीद म्हणून पाहायला गेलो, पण लाटा दिसल्या नाहीत. मही आणि साबरमती यांच्या गाळाने आखात भरत गेले, पाणी दूर हटले आणि मोठी जहाजे सुरतेकडे वळली.

चपला काढून आत गेलो. मध्ये विस्तीर्ण अंगण, कडेने ओवऱ्या आणि पश्चिमेला नमाजाचे दालन. दालनाच्या दर्शनी भिंतीत टोकदार कमानी आहेत. आतले छत मात्र खांब आणि तुळयांवर उभे आहे. दगडी तुळई फार लांब ठेवली तर स्वतःच्याच भाराने तडकते. म्हणून खांब जवळजवळ असतात. लहान घुमटही दगडांचे थर थोडेथोडे पुढे काढून मिटवलेले. ही रीत गुजरातच्या देवळांची. आपल्या विजापूरच्या जामा मशिदीत कमान स्वतःच भार दोन्ही बाजूंनी खाली नेते, त्यामुळे तिथे दालन मोकळे वाटते. खंबायतला समोर कमान बोलते, आत तुळई. घरी मराठी आणि दुकानात गिऱ्हाइकाशी कन्नड बोलणाऱ्या मला हे परके वाटले नाही.

पण एक गोष्ट मनाला लागली. यातले बरेच खांब जुन्या देवळांचे आहेत. एका खांबावरील नक्षीवरून हात फिरवताना कौतुक आणि दुःख एकदमच वाटले.

मशिदीला लागूनच इराणातील काझरून गावच्या उमर नावाच्या धनाढ्य व्यापाऱ्याची कबर आहे. तो १३३३ साली वारला. तिच्या संगमरवरावरचे कोरीव काम पाहतच राहावे असे. खंबायतच्या कारागिरांनी कोरलेले असे कबरीचे दगड जावा, सुमात्रा आणि पूर्व आफ्रिकेपर्यंत जात. आमच्या पाठ्यपुस्तकातील 'निर्यात' हा शब्द मला तिथे प्रथमच समजला. पुढे १३४२ च्या सुमारास आलेल्या इब्न बतूताने या नगरीच्या इमारतींची आणि मशिदींची स्तुती केली. त्या बांधणाऱ्यांत परदेशी व्यापारी पुष्कळ होते.

परतताना मामांनी विचारले, "काय, आवडली का?" मला चटकन उत्तर देता आले नाही. हिशेबाच्या वहीत जमा आणि नावे अशा दोन्ही बाजू लिहाव्या लागतात. एक बाजू कोरी ठेवली तर ताळा जमत नाही. मोडलेली देवळे नावे बाजूला आहेत. दोन रीती एकत्र आणणारे हात आणि दूरदेशी गेलेली त्यांची कला जमेच्या बाजूला आहे. इतिहास वाचताना आपण बहुधा आपल्याला हवी तेवढीच बाजू वाचतो. विद्यार्थ्याने तरी पूर्ण वही उघडावी, असे मला वाटते.