कर्करोग आणि पेशींचे ब्रेक

कर्करोगाचे नाव निघाले की आपल्या घरांतून अजूनही आवाज खाली येतो. "आत्याला ते झाले होते," एवढे सांगून विषय बदलला जातो. मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असतील तर तेवढेही कोणी सांगत नाही. हा रोग 'रक्तातच' असतो, ही समजूत त्यामागे आहे. तीत खरे किती आणि खोटे किती, हे कळावयास पेशीच्या आत थोडे डोकावले पाहिजे.

बोट कापले म्हणजे जखमेच्या कडेच्या पेशी वाढू लागतात, एकीच्या दोन होतात आणि जखम भरून येते. पण भरून आल्यावर ही वाढ थांबते, याचे आपल्याला नवल वाटत नाही. वास्तविक खरे नवल तेच आहे. काही जनुके पेशीला 'वाढ' म्हणून सांगतात, तर काही 'थांब' म्हणतात. या दुसऱ्या जातीच्या जनुकांना अर्बुदरोधक जनुके म्हणतात. अर्बुद म्हणजे गाठ. इंदूरहून मुंबईकडे जाताना मानपूरचा घाट उतरणारी मोटार डोळ्यांपुढे आणावी. उतारावर गाडी पळविण्यास काहीच लागत नाही, सारी भिस्त ब्रेकवर असते.

या जनुकांच्या प्रत्येकी दोन प्रती आपल्याजवळ असतात, एक आईकडची व एक वडिलांकडची. एक बिघडली तरी सहसा दुसरी काम निभावते. दोन्ही निकामी झाल्या म्हणजे मात्र गाडी सुटली. हे गणित अमेरिकेतील डॉ. आल्फ्रेड नूडसन यांनी १९७१ साली मांडले, तेही लहान मुलांच्या डोळ्यांतील कर्करोगाच्या ४८ रोग्यांची टिपणे तपासून. काही मुलांना तो दोन्ही डोळ्यांत व फार लवकर होई, काहींना एकाच डोळ्यात व जरा उशिरा. पहिल्या मुलांत एक प्रत जन्मतःच बिघडलेली असली पाहिजे, म्हणजे उरलेल्या एकाच आघाताने काम होते, असा त्यांचा तर्क होता. १९८६ मध्ये ते जनुक हाती लागले आणि तर्क खरा ठरला. आईबापांनी येथे एवढे ध्यानात ठेवावे की तान्ह्या मुलाच्या बाहुलीत पांढरी चमक दिसली (पुष्कळदा ती फोटोत प्रथम दिसते), तर दिवस न घालवता नेत्रवैद्य गाठावा. वेळीच उपचार झाले तर बहुतेक मुले वाचतात.

या मंडळींतले सर्वांत नामांकित जनुक म्हणजे 'पी-५३'. १९७९ साली ते सापडले तेव्हा शास्त्रज्ञांनी त्याला गुन्हेगारच समजले. तो पहारेकरी आहे हे ओळखावयास दहा वर्षे गेली! पेशीतील जनुकद्रव्याला इजा झाली की तो वाढ थांबवतो, दुरुस्ती करवून घेतो, आणि दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर त्या पेशीला स्वतःचा नाश करावयास लावतो. माणसाच्या सुमारे निम्म्या कर्करोगांत हाच पहारेकरी निकामी झालेला आढळतो. तंबाखूतील विषे नेमकी याच्यावर घाव घालतात. गालात गुटखा किंवा तंबाखू धरणाऱ्यांच्या तोंडातील कर्करोगात पी-५३ चा बिघाड वारंवार दिसतो. तो आईबापांकडून आलेला नसतो, रोजच्या पुडीतून आलेला असतो. (हत्तीकडे या जनुकाच्या कोडीभर प्रती असतात. एवढा देह, एवढ्या पेशी, तरी त्याला कर्करोग क्वचितच होतो, याचे हे एक कारण मानतात.)

मग आनुवंशिकतेचे काय? पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात, डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली, उंदरांतील स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास केला. त्याचा आनुवंशिकतेशी काय संबंध आहे, हा प्रश्न त्यांनी धरून ठेवला. त्या काळी जनुक हाती लागण्याचा मार्ग नव्हता. माणसातील 'बीआरसीए-१' हे जनुक १९९४ मध्ये हाती आले. जनुकद्रव्याची मोडतोड दुरुस्त करणे हे त्याचे काम. त्याची बिघडलेली प्रत घेऊन जन्मलेल्या स्त्रियांपैकी शंभरात सुमारे सत्तरजणींना ऐंशीव्या वर्षापर्यंत स्तनाचा कर्करोग होतो, असे परदेशांतील एका मोठ्या पाहणीत दिसले. म्हणजे वारशाने रोग येत नाही, एक ब्रेक आधीच तुटलेला येतो. शिवाय स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रोग्यांत असा वारसा असणारे पाच ते दहाच.

आपल्याकडे 'आईला होता का?' एवढेच विचारतात. पण बिघडलेली प्रत वडिलांकडूनही तितकीच येऊ शकते, म्हणून आत्या व आजी (वडिलांची आई) यांचा आजार वैद्याला सांगणे तितकेच अगत्याचे आहे. कोणत्या वयात झाला, हेही. टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील संस्थेत अशा कुटुंबांसाठी सल्ला व तपासणीची सोय आहे. तपासणी शक्यतो ज्याला रोग झाला त्याचीच प्रथम करतात. त्याच्यात बिघाड सापडला तर प्रत्येक मुलामुलीला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. आणि ज्या मुलीत तो आढळत नाही, तिला या रोगाचे भय साधारणपणे शेजारच्या मुलीइतकेच.