मावशींचे अठ्ठेचाळीस तास

आमच्या मेसमध्ये चपात्या करणाऱ्या मावशी भाईंदरहून येतात. मीरा रोड ते भाईंदर म्हणजे एकच स्टेशन, पण संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये मीरा रोडला चढायचं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. गॅदरिंगच्या महिन्यात पोरं प्रॅक्टिस संपवून उशिरा जेवायला यायची, म्हणून मावशी रोज दोन-अडीच तास जास्त थांबल्या. मी तेव्हा मेस सेक्रेटरी होतो. ओव्हरटाइमचा हिशोब माझ्याकडे, तासाला ६० रुपये. मी एक्सेलमध्ये शीट केली, खाली बेरीज घेतली, प्रिंट काढली आणि ऐटीत सही करून दिली. बेरीज आली होती ५:३०. त्याप्रमाणे मावशींना साडेपाच तासांचे ३३० रुपये मिळाले.

दुसऱ्या दिवशी मावशी कॅलेंडरचं पान घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या. "बाळा, तुझ्या मशीनला परत एकदा विचार बरं. माझ्या रेघा तर एवढ्या आहेत."

एक रेघ म्हणजे अर्धा तास. मी मोजल्या. १०७ रेघा, म्हणजे ५३ तास ३० मिनिटे. पैसे व्हायला हवे होते ३,२१०. थर्ड इयर इंजिनिअरिंगच्या मुलाची शीट आणि मावशींचं कॅलेंडर यांच्यात बरोब्बर ४८ तासांचा, म्हणजे २,८८० रुपयांचा फरक! लाज वाटली, खोटं कशाला बोलू. त्या रात्री मी बसून हे प्रकरण मुळापासून समजून घेतलं. तेच इथे लिहितोय, कारण आपल्यापैकी बरेच जण उद्या कुठल्यातरी साइटवर नाहीतर वर्कशॉपमध्ये लोकांच्या हजेरीचे तास भरणार आहेत.

मुळात एक्सेलला तास-मिनिटे कळतच नाहीत. त्याला कळतो दिवस. एक दिवस म्हणजे १. बारा तास म्हणजे ०.५, सहा तास म्हणजे ०.२५ आणि एक तास म्हणजे चोविसावा भाग, साधारण ०.०४१७. (आपल्या जुन्या मोजणीतही दिवसाचेच ६० भाग पाडून एकेक घटका, घटकेचे ६० भाग पाडून एकेक पळ. तेव्हा कल्पना काही परकी नाही.) मावशींचे ५३:३० त्याच्या पोटात २.२२९१६ असे पडलेले होते, म्हणजे बेरीज चुकलेलीच नव्हती. चुकला होता तो दाखवण्याचा प्रकार. साध्या वेळेच्या फॉर्मॅटला वाटतं की आपण घड्याळ आहोत. घड्याळ चोवीस तास झाले की पुन्हा शून्यावर येतं. त्याने वरचे दोन पूर्ण दिवस झाकून ठेवले आणि उरलेले ५:३० दाखवले.

खरं वाटत नसेल तर एका रिकाम्या सेलमध्ये ५३:३० टाइप करा आणि वर फॉर्म्युला बारकडे बघा. तिथे २ जानेवारी १९००, पहाटे साडेपाच असं दिसेल! एक्सेलची दिनदर्शिका १ जानेवारी १९०० पासून सुरू होते, म्हणून दोन दिवस नि साडेपाच तास हा त्याला त्या पहाटेचा मुक्काम वाटतो.

उपाय एका कंसाचा आहे. बेरजेच्या सेलवर जा, कंट्रोल आणि १ दाबा, नंबरच्या पानावर कस्टम निवडा आणि टाइपच्या चौकटीत [एच]:एमएम लिहा. (आपला विभाग मराठी असल्यामुळे अक्षरे देवनागरीत छापली आहेत, तुम्ही ती इंग्रजीत टाइप करा.) तासाभोवतीचा चौकटी कंस म्हणजे "घड्याळ नको, एकूण तास सांग". लगेच ५३:३० दिसलं. एकूण मिनिटे हवी असतील तर [एमएम], एकूण सेकंद हवे असतील तर [एसएस]. गूगल शीट्समध्ये फॉर्मॅट मेनूत नंबरखाली ड्युरेशन नावाचा पर्याय आहे, तोच हे काम करतो.

मी खूश होऊन लगेच बेरजेला ६० ने गुणलं, तर उत्तर आलं १३३.७५. म्हणजे आधी दिले त्याहूनही कमी! आता कारण तुम्हीच सांगाल: गुणाकार दिवसांचा झाला, तासांचा नाही. आधी २४ ने गुणून दिवसांचे तास करायचे, मग दराने. २.२२९१६ गुणिले २४ म्हणजे ५३.५, गुणिले ६० म्हणजे ३,२१०. उत्तर वेळेसारखं दिसायला लागलं तर त्या सेलचा फॉर्मॅट जनरल करायचा.

वेळ भरण्यातही एक खड्डा आहे आणि तो आपल्या सवयीचा आहे. आपण मराठीत "२.३० वाजता" असं टिंब देऊन लिहितो. पत्रिकेवरचा मुहूर्तसुद्धा तसाच असतो. मीही सुरुवातीला तसंच भरलं होतं. मग २.३० अधिक १.३० म्हणजे ३.६ आलं, चार तास नाही. मी हुशारी करून फाइंड-रिप्लेसने टिंबाच्या जागी कोलन घातला, तर २.३० चं झालं २:०३! कारण शेवटचं शून्य एक्सेलने आधीच टाकून दिलं होतं, त्याच्याकडे नुसतं २.३ होतं. शेवटी सगळा कॉलम हाताने पुन्हा भरावा लागला. "२:३० तास" असं शब्द जोडूनही लिहू नका. त्याला तो मजकूर वाटतो, सेलमध्ये डावीकडे चिकटतो आणि बेरजेत धरला जात नाही. तक्रारही करत नाही, हे जास्त वाईट.

स्पोर्ट्सची शीट करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. ४०० मीटरसाठी १:०४ भरलंत तर तुमचा धावपटू एक तास चार मिनिटे पळत होता असं होतं. पुढे शून्य तास लिहा, ०:१:०४. सेकंदांना दशांश असेल तर मात्र एक्सेल स्वतःच मिनिट-सेकंद समजतो. आपल्या बीड जिल्ह्याच्या अविनाश साबळेने २०२२ च्या बर्मिंगहॅम कॉमनवेल्थमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेस ८:११.२० मध्ये पूर्ण करून रौप्यपदक घेतलं, केनियाच्या अब्राहम किबिवोटला सुवर्ण मिळालं ८:११.१५ ला. हे आकडे टाइप केले की नीट बसतात, पण दिसतो एकच दशांश, आणि पाच शतांशांचा फरक त्यात नीट दिसणार कसा? तिथे फॉर्मॅट एमएम:एसएस.०० असा द्यायचा.

राहिले वॉचमनकाका. रात्री १० ला येतात, सकाळी ६ ला जातात. ६:०० वजा २२:०० केलं की सेल भरून ####### येतात, कारण ऋण वेळ त्याला दाखवता येत नाही. ए२ मध्ये येण्याची आणि बी२ मध्ये जाण्याची वेळ असेल तर =मॉड(बी२-ए२,१) लिहा, बरोबर ८ तास येतात. ड्यूटी चोवीस तासांच्या वर जाणार असेल तर मात्र ही युक्ती चालत नाही, दोन्हीकडे वेळेसोबत तारीखही भरावी लागते.

दुरुस्त शीट घेऊन मी कॉन्ट्रॅक्टरकडे गेलो, सोबत कॅलेंडरचं पानही नेलं. त्यांनी शीटकडे फारसं बघितलं नाही, रेघा मात्र दोनदा मोजल्या. उरलेले २,८८० रुपये मावशींना त्याच आठवड्यात मिळाले. तेव्हापासून महिनाअखेरीला प्रिंट काढायच्या आधी मी मावशींना विचारतो, "मावशी, रेघा किती झाल्या?" परवा त्या ४१ म्हणाल्या, माझ्याकडे २०:०० होते. एक रेघ कमी. बुधवारचा अर्धा तास मीच भरायचा विसरलो होतो.