किल्ला दाखवला, आत नेले नाही: वऱ्हाडातून मालवणला जाणाऱ्यांसाठी

वऱ्हाडातून कोकणात चार-पाच दिवसांची सहल ठरवताना शाळेच्या सुट्या आणि समुद्राचे वेळापत्रक ही दोन्ही एकमेकांशी ताडून पाहावी लागतात. ती जुळत नाहीत हे सहल विकणाऱ्याला पुरते ठाऊक असते, घेणाऱ्याला बहुधा नसते. विदर्भातील उन्हाळा लांबत असल्यामुळे येथील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा सुमारे आठवडाभर उशिरा उघडतात, म्हणून मूर्तिजापूर-अकोल्याकडच्या कुटुंबांना मे महिन्याचा शेवटचा आठवडा भर सुटीचा वाटतो आणि पारा ४५ अंशांकडे सरकू लागला की समुद्राची ओढ लागते. कोकण किनाऱ्यावर मात्र त्याच सुमारास नैर्ऋत्येचे वारे जोर धरतात, समुद्र खवळू लागतो आणि बंदर विभागाच्या आदेशाने प्रवासी होड्या व जलक्रीडा मेच्या अखेरीपासून ३१ ऑगस्टपर्यंत बंद राहतात. यांत्रिक नौकांवरील मासेमारीची बंदी ही याहून निराळी गोष्ट असून ती १ जून ते ३१ जुलै अशी असते. या दोन बंद्यांमधला फरक नीट समजून घेतला पाहिजे, कारण प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबाची फसगत नेमकी तेथेच झाली.

मूर्तिजापुरातील अकरा जणांच्या या कुटुंबाने ‘सिंधुदुर्ग दर्शन, पाच दिवस चार रात्री’ अशी सहल एका सहल-व्यावसायिकाकडून घेतली. त्याने दिलेल्या रंगीत पत्रकावर किल्ल्याच्या महाद्वाराचे छायाचित्र होते आणि ते दाराच्या आतल्या बाजूने काढलेले होते. तारखा पाहून घरातील एकाने होडीची चौकशी केली तेव्हा “बंदी १ जूनपासून असते, आपण त्याच्या आत परततो” असे उत्तर मिळाले. ही तारीख मासेमारीच्या बंदीची होती. पैसे तीन हप्त्यांत, सगळे निघण्यापूर्वी, घेतले गेले.

सिंधुदुर्ग हा जलदुर्ग, म्हणजे चहूबाजूंनी पाण्याने वेढलेला किल्ला. मालवणच्या धक्क्यापासून सुमारे अर्धा किलोमीटरवर असलेल्या कुरटे बेटावर छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये त्याची पायाभरणी केली आणि १६६७ मध्ये तो उभा राहिला. आत शिवराजेश्वराचे मंदिर आहे, दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत आणि महाराजांच्या हाताचा व पायाचा म्हणून जपलेला ठसा आहे. घरातील ज्येष्ठ आई त्या ठशाला हात लावून नमस्कार करायला मिळावा एवढ्यासाठी गुडघे दुखत असतानाही सहलीला आल्या होत्या.

२९ मे रोजी सकाळी मंडळी धक्क्यावर पोचली तेव्हा एकही होडी पाण्यात नव्हती. त्या वर वाळूवर ओढून आडव्या केलेल्या होत्या, त्यांची यंत्रे काढून नेलेली होती, काहींवर निळी ताडपत्री दोरीने आवळून बांधली होती, आणि एक वयस्कर मनुष्य शेवटच्या होडीच्या तळाला तेल चोळत बसला होता. “आता खंय होडी? सव्वीस तारखेक बंद झाली,” एवढेच तो म्हणाला. समोर तटबंदी इतकी स्पष्ट दिसत होती की बुरूज मोजता आले असते. आईंनी चपला काढल्या, धक्क्यावरूनच हात जोडले आणि त्या बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या.

सहल-व्यावसायिकाला तेथूनच फोन लावला असता त्याने जे सांगितले ते जसेच्या तसे नोंदवणे आवश्यक आहे: “काकाजी, किल्ला दाखोतो म्हनलं होतं, दाखोला. आत नेतो कोनं म्हनलं?” चूक झाली असे तो म्हणाला असता तर समुद्राचा दोष समजून हे प्रकरण तेथेच मिटले असते, परंतु ‘दर्शन’ हा शब्द त्याने आधीपासूनच योजून ठेवला होता, हे त्या एका वाक्याने कळले. परतल्यावर त्याने होडीच्या भाड्याएवढी रक्कम देऊ केली आणि ती नाकारणाऱ्या कुटुंबाला हटवादी ठरवून ही गोष्ट गावभर सांगितली. ज्यांनी ती ऐकली त्यांनी पत्रकावरचे छायाचित्रही पाहावे.

म्हणून असे व्यवहार करताना ‘दर्शन’, ‘भेट’, ‘सैर’ असे शब्द मान्य न करता ‘होडीने किल्ल्यात उतरवणे’ असे लेखी घ्यावे आणि होडी बंद असल्यास किती रक्कम परत मिळेल तेही त्याच कागदावर लिहून घ्यावे. होडीची तारीख सहल विकणाऱ्याला न विचारता मालवणच्या बंदर कार्यालयात किंवा जेथे मुक्काम करायचा त्या न्याहारी-निवासाच्या मालकाला विचारावी. प्रस्तुत कुटुंबाची सोय केलेल्या घरातील वहिनींना होडी बंद झाल्याचे ठाऊक होते, परंतु त्यांना कोणी विचारलेच नव्हते. सगळे पैसे आधी देऊ नयेत.

दिवसांचा हिशेबही स्वतः करावा. मूर्तिजापूर ते मुंबई हेच अंतर रेल्वेने सहाशे किलोमीटरांहून अधिक आहे, त्यापुढे कोकण रेल्वेने कुडाळपर्यंत जवळजवळ दिवस जातो आणि तेथून मालवण रस्त्याने गाठावे लागते. पाच दिवसांपैकी प्रत्यक्ष मालवणात दीड दिवसच उरला, कारण दोन रात्री गाडीतल्याच मोजलेल्या होत्या. रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी खुले होते. टोपी, औषधे, ओळखपत्र जवळ असावे.

कोकणात जून ते ऑगस्ट हे महिने पावसाचे असतात. २०२५ मध्ये तर मोसमी पाऊस मे महिन्यातच मुंबईत पोचला होता. मेअखेरीशिवाय सवड नसेल तर विजयदुर्ग पाहावा, कारण त्या किल्ल्यात रस्त्याने जाता येते. कुणकेश्वरचे मंदिर आणि धामापूरचा तलाव यांनाही होडी लागत नाही.

फसवणूक झालीच तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जेथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे मूर्तिजापूरकराला त्यासाठी मालवणला जावे लागत नाही, अकोल्याच्या जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते; पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे आणि १९१५ या क्रमांकावर प्राथमिक सल्ला मिळतो. पत्रक, पावत्या आणि संदेश जपून ठेवावेत. प्रस्तुत कुटुंबाने फोनवरचे ‘आत नेतो कोनं म्हनलं’ हे बोलणे ध्वनिमुद्रित केले नाही, ही उणीव तक्रार लिहिताना जाणवली.

त्याच व्यावसायिकाचे नव्या हंगामाचे पत्रक नुकतेच मूर्तिजापुरात वाटले गेले आहे. त्यावर महाद्वाराचे तेच छायाचित्र आहे आणि निघण्याची तारीख ३० मे आहे.